लांब मिशांची वाळवी

"महाराज, तुमच्या वाळवीला एवढ्या लांब मिशा कशा?"

मैत्रिणींनी डिवचलं होतं, "विचारून दाखव, तर तू खरी!" आणि टिटवीनं भर गर्दीत विचारलं. तोंडाला खळ नाही म्हणून तर सुताराच्या या लेकीचं नाव टिटवी पडलं होतं.

सुतारखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध तिच्या अप्पांनी तीन महिने खपून केलेलं कपाट. त्याला वाळवी लागली म्हणून अप्पांनीच बाधा उतरवणाऱ्या महाराजांना बोलावलं होतं. महाराजांनी फुंकर मारली, बाही झटकली, आणि फळीवरून पांढरेशुभ्र किडे सुसाट धावले! गर्दीनं आ वासला.

"बाधा जबर आहे. कपाट आमच्याकडे नेऊन शुद्ध करावं लागेल."

गाडी दारात आधीच उभी होती. महाराज मोठे दूरदृष्टीचे!

अप्पांनी डोळे पुसत कपाटाला हात घातला, तेवढ्यात मिशांचा प्रश्न आला.

"पोरी, ही राणी वाळवी! सिद्ध पुरुषालाच दिसते."

"मग आम्हा सगळ्यांना कशी दिसली?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. "गप्प बस गं," आई कुजबुजली.

गप्प बसते ती टिटवी कसली! तिनं एक किडा बरणीत धरला. आत एका बाजूला लाकडाचा भुसा, दुसऱ्या बाजूला बिस्किटाचा चुरा. किडा तडक बिस्किटावर.

"राणीसाहेबांना लाकूड पचत नाही वाटतं!"

मग तिनं किड्यावर ओला कापूस फिरवला. पीठ निघालं. खाली तपकिरी, चकचकीत झुरळाचं पिल्लू!

कपाटाच्या मागच्या पायावर मातीची बारीक नळी चढली होती. टिटवीनं ती नखानं फोडली. "ही खरी वाळवी. फिकी, मऊ, आंधळी. मिशा आखूड, मणी ओवल्यासारख्या. झुरळाच्याच नात्यातली, पण झुरळ मिळेल ते खातं, ही लाकूड पोखरते. आणि बघा, उजेड पडताच कशी पळाली! ही फळीवर मिरवेल?"

अप्पा ओशाळले. वाळवी दिसली की आधी रॉकेल ओतायचं, हा त्यांचा शिरस्ता. निरखून कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी महाराजांची बाही धरून हिसडली. पिठाची डबी खाली आपटली आणि उरलेल्या 'राण्या' सगळ्यांच्या पायांत शिरल्या. त्या पळापळीत सर्वांत पुढे महाराज होते.

"एक पाय बदलला की झालं," अप्पा कपाटावरून हात फिरवत म्हणाले.

"नमस्कार नंतर करा, आधी नीट बघा, एवढंच माझं म्हणणं," टिटवीनं कंबरेवर हात ठेवले. "आई, अप्पा, माझं ठरलंय. महाराजांनी गावातल्या सात घरांतली कपाटं अशीच नेलीत. उद्या शाळा सुटली की मी ही बरणी घेऊन सातही दारं ठोठावणार. ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घ्या."