तलावातला झिरा

गिरजाबाईनं चिकणमातीचा गोळा दोन्ही हातांनी पाण्याखाली नेला आणि टाचेनं दाबला. खुणेची काठी तिच्या गुडघ्याला टेकली होती. झिरा तिथेच होता. मागच्या उन्हाळ्यात तलावाचा तळ भेगाळला होता, तेव्हा तो तिनंच खणला. गाळ संपून मुरूम लागला, कडेनं पाणी पाझरलं आणि पाऊस येईपर्यंत गाव त्यावर निभावलं.

यंदाचा पाऊसही अपुराच. तलाव अर्धा भरला, पण झिऱ्याच्या मुरमातून मुरून रोज पाणी उतरत होतं. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला, आठवडा होता आणि त्या वेळी त्याला एक पाणी लागणार होतं. तोवर तलाव तुडुमाच्या, म्हणजे शेतात पाणी सोडायच्या मोरीच्या, तोंडाखाली गेला, तर शेतात थेंबही सोडता येणार नव्हता.

"बाईनं तलावाले भोक पाडलं," तलावाच्या पाळीवर बसलेला श्रावण म्हणाला. दोघांच्या धानाच्या बांध्या एकमेकांना लागून होत्या.

"पेताना नाई दिसलं तुले भोक?"

"तवा तहान होती."

"अन् आता मी दिसून राह्यली."

श्रावण हसला. मातीचं घमेलं त्यानं पुढे सरकवलं.

"दाब चांगलं. नाई तर दोघंही धानाऐवजी तणीस खाऊ."

तिनं आणखी एक गोळा दाबला. अजून तळव्याखाली जागा पोकळ लागत होती.

पाळीखालच्या मोहल्ल्यातली, बांगड्या विकणारी खुर्शीदा लोटा घेऊन वर आली. चढून तिला धाप लागली होती.

"गिरजाबाई, घे, पी. आमच्या विहिरीचं आहे."

"तुझी विहीर तं दोन सालापासून कोरडी आहे."

"तेच तं! पाऊस पडून राह्यला होता तवा आली नाई. आता आभाळ साफ, अन् पाणी चढून राह्यलं. आमच्या जोयाचे अब्बा म्हणतात, जमीन पहिले आपली तहान भागवते, मंग आपल्याले देते. उन्हाळ्यात तू पाजलं. पहिला लोटा तुझा."

गिरजाबाईनं हात धुतले आणि लोटा घेतला. पाणी जरा गढूळ, पण गार होतं. घोट गळ्याखाली गेल्यावर जिभेवर तुरट चव उरली. झिऱ्यातून वाटीनं घागर भरण्याआधी उन्हाळाभर ती रोज हीच चव घेत होती.

तिनं तळव्याखालची पोकळ जागा पुन्हा चाचपली.

"तुझ्या विहिरीवर कोण कोण भरते?"

"पाणी होतं तवा पूर्ण मोहल्ला. तुझी सून पण येत होती. काऊन?"

"काई नाई. येईल आता."

"येऊ दे ना! लोटा मंग नेते," म्हणत खुर्शीदा उतरून गेली.

घमेल्यात चार-पाच गोळे उरले होते. श्रावणनं एक उचलून पुढे केला. तिनं तो घेतला नाही. टाच उचलून ती पाण्याबाहेर आली.

"तुडूम आजच खोल, श्रावणभाऊ. जे पोचते ते पोचू दे."

"आज? धान निसवलं नाई अजून. अर्धं हाती येईन."

"माहीत आहे. माह्यं पण तेवढंच येईन."

"अन् खाली उरते ते? ते तं तुह्या झिऱ्यातून निघून जाईन."

गिरजाबाईनं लोटा त्याच्यापुढे धरला.

"पेऊन पाह्य."

श्रावणनं तिच्याकडे पाहत घोट घेतला. उन्हाळ्यातली तीच तुरट चव ओळखून दुसरा घेण्याआधी तो थांबला आणि पाण्यातल्या काठीकडे बघत राहिला.