वरचे नऊ इंच

बस्त्याला खराडीहून दोन गाड्या भरून अकरा माणसं आली होती, आणि त्या अकरांपैकी एकालाही नवरीला उभं करून घागरा तिच्या अंगाला लावून पाहावासा वाटला नाही. दुकानातल्या पुतळ्यावर तो झकास दिसत होता. पुतळा होता साडेपाच फुटी. नवरी, म्हणजे सुनीती, होती चार फूट सहा इंच. ती हातात चहाचा कप धरून गादीच्या कोपऱ्यावर बसली होती, आणि लग्न तिचं आहे हे अधूनमधून कुणाच्या तरी लक्षात येत होतं.

घागरा पसंत केला मथुराबाईंनी, तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी. डाळिंबी रंग, सोळा कळ्यांचा घेर, खाली दीड वीत रुंद जरीचा काठ. शालूबिलू जुना झाला, हार घालण्यापासून सप्तपदीपर्यंत सून घागऱ्यातच मिरवणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि बाकीच्या दहा माना हलल्या.

मथुराबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आज जिथे कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत त्या जमिनीत त्यांनी ऐन उन्हात ज्वारी खुरपली होती. पण लग्नाला पाच हजार पाहुणे यायचे, आणि त्यांच्यासमोर उभी राहणारी सून बुटकी, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मुलाने मुलगी पसंत केलेली, मुलगी शिकलेली, येरवड्याच्या शाळेत गणिताची शिक्षिका, घरचे लोक सरळ. नाव ठेवायला जागा काय ती एकच. मग त्या जागेचा बंदोबस्त करायचं त्यांनी मनावर घेतलं. घागऱ्यापाठोपाठ सहा इंची टाचेच्या सोनेरी चपला घेतल्या आणि म्हणाल्या, "घागरा पार भुईला लोळला पायजे. चपला दिसल्या न्हाईत की कुणाला काय कळतंय?"

सुनीतीला कळत होतं. पण त्या दिवशी ती गप्प बसली, आणि घरी जाऊन स्वतःवरच चिडली.

असं गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. शाळेत लागली तेव्हा फळा इतका उंच होता की तिचा हात जेमतेम अर्ध्यापर्यंत पोचायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "स्टूल घ्या, बाई." ती म्हणाली, "फळा खाली घ्या. पाचवीची मुलंही याच फळ्यावर गणितं सोडवतात, ती काय स्टूल डोक्यावर घेऊन येणार?" सुतार आला, फळा हातभर खाली आला. त्यावर शिक्षकांच्या खोलीत महिनाभर विनोद झाले, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या वर्गातलाही फळा खाली आला. तीच सुनीती बस्त्याच्या दुकानात चहा पीत बसून राहिली. सासर म्हटलं की भल्याभल्यांची जीभ जड होते. आई तर म्हणाली, "एका दिवसाचा प्रश्न आहे. घाल की चपला."

घागरा आल्टर करायला नारायण पेठेत वासंतीकाकूंकडे न्यायचं ठरलं. सुनीतीच्या मापाचा तयार कपडा पुण्यात कुठेच मिळत नसे, म्हणून कॉलेजपासून तिचे सगळे कपडे या एकाच बाईच्या हाताखालून गेले होते. काकूंचं दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली, दोन मशिनं आणि एक मोठा आरसा. गोड बोलणं त्यांना परवडत नसे. मथुराबाई जातीने हजर राहिल्या. चपलांचा खोका त्यांच्याच मांडीवर होता.

सुनीती पडद्याआड जाऊन घागरा घालून आली. दोन्ही हातांनी तो उचलून धरलेला, तरी काठ पायात येत होता. वासंतीकाकूंनी टेप गळ्यातून काढला आणि म्हणाल्या, "सरळ उभी राहा. पाय उघडे."

"अवो बाई, थांबा," मथुराबाईंनी खोका उघडला. "चपला घालून माप घ्या. तीन बोटं खालून आत दुमडा, बास. जास्ती कायबी करायचं न्हाई."

"माप अनवाणीच घेते मी," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं घेतेय. आणि घागरा खालून दुमडला तर हा तुमचा काठ निम्मा आत जाईल. पैसे काठाचे दिलेत ना तुम्ही? घागरा कमी करायचा तो वरून. नेफा उसवायचा, वरचं कापड काढायचं, आणि सोळाच्या सोळा कळ्या आत घेऊन पुन्हा कमरेला बसवायच्या."

"किती कापड काढायचं?"

काकूंनी टेप लावला, खडूने खूण केली. "नऊ इंच."

"नऊ?" मथुराबाई उठूनच उभ्या राहिल्या. "निम्मा घागरा ग्येला की! न्हाई न्हाई. चपला घातल्यावर ती उंच होतीया. त्या हिशेबानं बगा."

"बघते की," काकू म्हणाल्या. "फक्त एक सांगा. सप्तपदीही चपला घालूनच का? होमापुढे?"

मथुराबाईंनी आयुष्यात निदान दोनशे लग्नं पाहिली असतील. होमापुढे नवरीच्या पायात काही नसतं हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! पण दुकान, पुतळा, पाहुणे, फोटो या सगळ्या धांदलीत अकरा माणसांपैकी एकालाही ते आठवलं नव्हतं. चपलांनी सहा इंच उंच झालेली नवरी होमापुढे अनवाणी उभी राहिली की सहा इंच घागरा जमिनीवर येणार, आणि पहिल्या पावलालाच ती त्यात अडकणार.

मथुराबाई चटकन सावरल्या. अशा बाईला उपाय सुचायला वेळ लागत नाही. "त्यात काय येवढं? ष्टेजवर चपला घालायच्या. होमापाशी काढायच्या. आमची थोरली सून आन् तिची भन, दोगी दोन बाजूंनी घागरा उचलून धरतील. पावलं काय, सातच तर हायेत."

सुनीतीने आरशात पाहिलं. तिला स्वतःचं तेच चित्र दिसलं: होमाभोवती ती चालते आहे आणि दोन बाया तिचं वस्त्र उचलून धरून दोन बाजूंनी वाकून चालताहेत, लहान मुलाला डबक्यातून नेतात तशा. इतके दिवस दाबलेला राग एकदम वर आला.

"काकू, वरून कापा," ती म्हणाली.

"काय?" मथुराबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"नऊ इंच कापा. चपला मी घालणार नाही, आई. स्टेजवर नाही, होमापाशीही नाही."

"आगं पोरी, लोकं काय म्हनतील?"

"बुटकी म्हणतील. आहेच मी. सहा इंच लपवून पाच हजार लोकांना फसवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याच दारात पाणी भरताना तीच पाच हजार माणसं मला बघणार. मग काय करायचं? जन्मभर चपला घालून फिरू?"

मथुराबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, मुलाला लावला आणि आवाज मोठा करून फोन मशिनवर ठेवला. "संभाजी, ही बग काय म्हनतीया. तूच सांग हिला."

संभाजीने ऐकून घेतलं. तो भला मुलगा होता, फक्त भांडण आलं की त्याला काम आठवायचं. "सुनीती, अगं एकाच दिवसाचा प्रश्न आहे. ऑफिसची सगळी टीम येणार आहे. घाल ना हील्स. आईचंही मन राहील."

"मला पाहायला आलास तेव्हा मी अनवाणीच बसले होते," सुनीती म्हणाली. "उठून उभी राहिले, तुला चहा दिला. तेव्हा काही खुपलं नाही?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

"मी मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी बोलू," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

सुनीतीला रडू फुटेल असं वाटलं. पण फुटलं ते वेगळंच. "आई, एक ऐका," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका शांत कसा याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "ती सात पावलं माझी आहेत. ती माझ्या पायांनी, कुणी काही उचलून न धरता टाकता येत असतील तर मी तुमच्या घरी येते. येत नसतील तर नाही येत."

"घागऱ्यापायी लगीन मोडतीस?"

"घागऱ्यापायी नाही. मी आहे तेवढी तुम्हाला चालत नाही, त्यापायी."

वासंतीकाकूंनी कात्री हातात घेतली होती, पण कापडाला लावली नव्हती. "हे बघा," त्या कोरडेपणाने म्हणाल्या, "खालून दुमडलेलं उद्या पुन्हा सोडता येतं. वरून कापलेलं परत जोडून मिळायचं नाही. मला एकच शब्द पाहिजे. नंतर माझ्या दारात रडारड नको."

"कापा," सुनीती म्हणाली.

मथुराबाईंनी चपलांचा खोका काखेत मारला. दारापर्यंत गेल्या, वळल्या. "काप की मग. पर ष्टेजवर हसं झालं तर माझ्याकडं बगायचं न्हाई." आणि गाडीत जाऊन बसल्या.

घागरा आठ दिवसांनी तयार झाला. काठ पूर्ण दिसत होता, कळ्या कमरेपासून सरळ खाली उतरत होत्या, आणि पावलं मोकळी होती. काकू म्हणाल्या, "आता घागरा तुझा झाला. आजवर पुतळ्याचा होता." त्यांच्या तोंडून इतकं कौतुक म्हणजे खूपच झालं.

लग्न मोडलं नाही, पण जुळलंय असंही कुणाला छातीठोकपणे सांगता येईना. आई दोनदा रडली. खराडीहून निरोप येत होते ते मांडवाचे, जेवणाचे, गाड्यांचे. घागऱ्याबद्दल चकार शब्द नाही. संभाजी रोज फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, आणि त्या विषयाच्या आसपास आला की बाजूने निघून जायचा. त्याच्या मनात काय आहे ते सुनीतीला कळत नव्हतं. आपल्याला तो आवडतो, आणि आवडत असूनही आपण मागे हटणार नाही, एवढं मात्र तिला पक्कं कळलं होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी बाळगून तिने ते दिवस काढले. सोपं नव्हतं ते.

गोरज मुहूर्त होता. सुनीती अनवाणी पाटावर येऊन उभी राहिली तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे वाकल्या. काय बोलल्या असतील ते तिला ऐकायची गरज नव्हती. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली.

आणि संभाजीच्या मित्रांनी त्याला उचललं.

हे होणार हे सगळ्यांना माहीत होतं. हार घालताना नवऱ्याला उचलायचं, मग नवरीच्या मामाने नवरीला उचलायचं, मग सगळ्यांनी हसायचं. पण पाच फूट अकरा इंचांच्या मुलाला चौघांनी खांद्यावर घेतलं आणि समोर ही एवढीशी मुलगी, तेव्हा मांडवभर जे हसू उसळलं ते नेहमीचं नव्हतं. संभाजीही हसत होता. यज्ञेश्वरमामा पुढे झाले, तिच्या शेजारी आले. "उचलू का गं?"

"मामा, हात लावायचा नाही."

मामा थबकले. सुनीती दोन्ही हातांत हार धरून उभी राहिली. तिने हात वर केले नाहीत, उडी मारली नाही, हसली नाही. पोरांनी आरडाओरडा केला, "मामा, उचला! मामा, उचला!" मग तोही हळूहळू विरला. वाजंत्रीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाजवणं थांबवलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मथुराबाई पुढे आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "घे की उचलून एकदाची. समदी बगत्यात."

"बघू देत," सुनीती म्हणाली. मग तिने मान वर करून संभाजीकडे पाहिलं. "खाली ये. मी इथे आहे."

संभाजी आधी हसला. मग त्याला दिसलं की ती हसत नाहीये. बराच वेळ तो तसाच वर राहिला, चार मित्रांच्या खांद्यावर, आणि पहिल्यांदाच त्याला दुसरं कुठलं काम आठवलं नाही.

"सोडा रे," तो म्हणाला.

मित्रांना वाटलं, थट्टा आहे. त्यांनी त्याला आणखी उंच केलं.

"सोडा म्हणतोय ना!"

त्याचे पाय पाटाला लागले. आता तो तिच्यासमोर उभा होता, तरीही दीड फूट उंच. सुनीतीने हार छातीशी धरला होता, तिथून तो हलवला नाही. संभाजीने मान वाकवली. ते पुरलं नाही. मग तो कमरेत वाकला, फेटा एका हाताने धरून, पाच हजार माणसांसमोर. बाजूला उभ्या मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बास का?" त्याने तिला एकटीला ऐकू जाईल असं विचारलं.

"अजून थोडा," सुनीती म्हणाली.