साहेबांची भूल

हॉस्पिटलात पुरुष डॉक्टर सगळे ‘सर’, आणि ती मात्र ‘भूलवाल्या बाई’. ऑपरेशनच्या पेशंटला भूल द्यायची, कापाकापी संपेपर्यंत त्याचा श्वास सांभाळायचा आणि त्याला सुखरूप जागं करायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हॉस्पिटलच्या मालकांनी, मोठ्या साहेबांनी, तिलाच दिलेली भूल काही केल्या उतरत नव्हती. “पुढच्या वर्षी विभागप्रमुख तुम्हीच!” एवढ्या एका वाक्यावर तिनं तापानं फणफणलेलं लेकरू सासूच्या मांडीवर टाकून ड्यूट्या ओढल्या. तिच्याआधीच्या दोघी कंटाळून नोकरी सोडून गेल्या, तेव्हा साहेब म्हणाले होते, “बायका टिकतच नाहीत हो!”

प्रमुख झाला साहेबांचा भाचा. त्याला सुई धरायला तिनंच शिकवलं होतं.

“तुम्हाला घर असतं ना, बाई,” साहेब गोड हसले. “कशाला डोक्याला ताप?”

तिचं घर आडवं आलं आणि भाचा घरचा म्हणून खुर्चीत बसला! तिनं राजीनामा दिला. पण जाण्याआधी या माणसाला एकदा तरी झोंबलं पाहिजे, तेही चारचौघांत, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

नेमकी तिच्या शेवटच्या दिवशी साहेबांच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. टेबलावर आडवे पडून ते म्हणाले, “बाई, भूल तुम्हीच द्या हं.”

“मी कोण? प्रमुख आहेत की.”

भाचा पुढे झाला. “मामा, मी आहे ना.”

“तू नको!” साहेब जवळजवळ उठून बसले.

“का हो?” तिनं विचारलं. सर्जन, सिस्टर, सगळे थबकले. “सांगा की. ऐकू दे सगळ्यांना.”

“त्याला... त्याला येत नाही नीट.”

“मग प्रमुख का केलंत?”

“भाचा म्हणून,” साहेब पुटपुटले.

भाच्याचा चेहरा पडला. तिला कीव आली नाही. काळजात कसं गार वाटलं.

“थांबा तुम्ही, डॉक्टर,” साहेब तिला विनवू लागले. “पद तुमचं, वेळा तुमच्या, म्हणाल ते...”

तिनं त्यांच्या तोंडावर मास्क ठेवला. “बोलू नका. श्वास घ्या.”

काम तिनं चोख केलं. ज्याच्यावर सूड उगवायचा, तो माणूस धडधाकट उठायला हवा. साहेबांनी डोळे उघडले, तिला ओळखलं, हात पुढे केला. तिनं नाडी पाहिली. ठीक होती.

“पुढचं प्रमुखांना विचारा,” तिनं सिस्टरला सांगितलं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत चपला घालून ती निघून गेली.