टँकर वळत नाही

प्रमोदिनीला कोविड झाला आणि नेदरलँड्समधल्या बेस्ट गावच्या या घरात मी खालचा झालो, ती वरची. जिन्यावर पाय ठेवायचा नाही, असा आमच्या मुलाचा, ईशानचा हुकूम. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या डॉक्टरनं, फोनवर पॅरासिटामॉल सांगितली. इथे हत्तीला सर्दी झाली तरी तीच सांगतात. वर म्हणाला, खाणं असंच बंद राहिलं तर हॉस्पिटलात हलवू, सोबत कुणाला जाता येणार नाही.

ईशान तिच्या दाराशी ओट्स ठेवी, ती तसेच परत पाठवी. सगळं कागदासारखं लागतं म्हणे.

शेवटी वैतागून मीच मऊ भात केला, वर मेतकूट आणि तूप. माझी सगळी नोकरी नौदलाच्या 'अन्नदा' या टँकरवर गेली. भर समुद्रात, दोन्ही जहाजं चालती ठेवून, युद्धनौकांना नळीतून तेल आणि दोरीवरून बटाटे पोचवायचे. एकदा त्या ताणलेल्या दोरीला एक देवमासा पाठ खाजवून गेला. प्रमोदिनीला हे पटत नाही, पण तिनं देवमासा कुठे पाहिलाय?

तिच्या खिडकीखाली स्वयंपाकघराचं छप्पर पुढे आलेलं, म्हणून दोरी मागच्या बागेतून तिरकी न्यायची होती. टोकाला बटाटा बांधून फेकला. दोनदा यान नावाच्या डच शेजाऱ्याच्या बागेत गेला, तिसऱ्यांदा खिडकीत.

"बटाटे कसले मारताय?"

"दोरी ओढ. डबा येतोय."

डबा निम्म्यावर येऊन छपराच्या पन्हळीत अडकला.

"डावीकडे सरका," ती म्हणाली.

"टँकर सरकत नसतो. देणारं जहाज सरळ चालतं, घेणाऱ्यानं जुळवून घ्यायचं. तू उजवीकडे हो."

"उजवीकडे भिंत आहे."

"मग वाक थोडी."

"खाली पडू का?" ती खोकली. "अहो, तुमच्या त्या अन्नदेचं शेवटी काय झालं?"

"भंगारात गेली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या टाक्या भरल्या. शेवटी तिच्याच टाकीत थेंब नव्हता, ओढत न्यावी लागली."

"यात देवमासा नाही ना?"

"नाही. हे खरं आहे."

"मग ऐका. तुम्ही सहा-सहा महिने पाण्यावर, तेव्हा तिकडे आपल्या घरात सरळ कोण चालत होतं? टँकर मी आहे. आता माझ्या टाकीत काही उरलेलं नाही. तुम्ही सरका."

डावीकडे यानचा ट्यूलिपचा वाफा होता. सरकलो. यान काचेमागून बघत होता. त्यानं आधी हात हलवला, मग फुलांकडे बघून तोच कपाळाला लावला. डबा सुटला आणि वर गेला.

मी फुलांत उभा, दोरी हातात. मग चमचा वाजला.

"अहो."

"काय?"

"खारट केलात भात."

"मीठ बरोबर आहे. नीट खाऊन बघ."

"खारटच आहे."

"एका घासात काय कळतंय? अजून एक घे."

चमचा वाजला. "खारट."

"तळाचा बघ," मी म्हटलं. "तळाला कमी असेल."