सातवा सूर

१९६७ सालची ती दुपार. वाद्यवृंदासाठी स्वरलिपी उतरवून देणाऱ्या नक्कलनवीस बाईने टाक दौतीत बुडवला आणि व्हायोलिनच्या कागदावर तसाच अधांतरी धरला. समोर संचालक उभे होते.

"सातवा सूर चढवा, बाई. अकरा ठिकाणी राहिलाय."

"राहिला नाही, सर. दादाला तो तसाच हवा होता."

दादाची पुरी झालेली ही एवढीच रचना. तो गेल्यावर सहा महिने मागे लागून तिने ती कार्यक्रमात घ्यायला लावली होती. संचालक पियानोपाशी गेले. 'ला' या सुरापासून वरच्या 'ला'पर्यंत त्यांनी नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या. मग पुन्हा तेच, फक्त सातवा सूर शेजारच्या काळ्या पट्टीवर चढवून.

"ऐकलंत? आता कसं घरी पोचल्यासारखं वाटतं. तुमच्या भावाचा सूर नुसता उंबऱ्यावर घुटमळतोय. वादक मला हसतील हो. त्याचं काय, तो सुटला."

"आणि नाही चढवला तर?"

"तर दुसरं काहीतरी वाजवू."

तिने सूर चढवायच्या अकरा खुणा केल्या. अकराही सुबक, एकसारख्या उतरल्या, याचंच तिला पुढे नवल वाटत राहिलं.

कार्यक्रमाला तिने आईला नेलं. आईला सुरांतलं काही कळत नसे. पण दादा कामावरून येताना जिन्यात शिट्टीवर हीच चाल घोळवायचा, आणि ती कानावर पडली की आई त्याचं ताट घ्यायची. अजूनही एखाद्या संध्याकाळी ती हातातलं काम टाकून जिन्याकडे कान लावून उभी राही. कार्यक्रमपत्रिका तिने उघडलीच नाही.

"मला ओळखता येईल की," ती म्हणाली.

पहिलीच रचना दादाची होती. सुरेख वाजली. टाळ्या झाल्या. आईनेही वाजवल्या, शेजारणीला "छान होतं हो" म्हणाली. मग दुसरी झाली, तिसरी झाली. लोक उठून कोट चढवू लागले. आई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसूनच राहिली.

"आई, चल ना."

"अगं, थांब की. त्याचं कुठे झालंय अजून?"

मुलीने खाली वाकून आईच्या कोटाचं वरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

"आज वेळ संपली, आई. पुढच्या खेपेला आहे."

"बरं. मग पुढच्या खेपेला जरा पुढे बसू."

आई त्याच हिवाळ्यात गेली. संचालक दोन वर्षांनी मोठ्या वाद्यवृंदात गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी बाईच्या अक्षराचं तोंड भरून कौतुक केलं. बाई आणखी एकतीस वर्षं नकला उतरवत राहिली. निवृत्तीच्या आठवड्यात तिने ते कागद कपाटातून काढले आणि अकराही खुणा ब्लेडने खरवडल्या. कागद तिथे इतका झिजलाय की उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं. ती रचना पुन्हा कोणी मागितली नाही.