तोंडावळा

माईंनी सुई काढून घेतली आणि अकरा ओळी सरसर उसवल्या. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली थोरली लेक कळवळली.

"अगं आई, एकच तर टाका चुकला होता!"

"तो तसाच ठेवला की बाही वाकडी. बत्तीस वर्षं स्वेटर विणून विकलेत, एक परत आला नाही."

थोरलीच्या आतड्यातली गाठ काढून चार महिने झाले होते. दोष जन्मजात आहे, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला, असं तपासणीत निघालं होतं. वडील हयात नव्हते. आत बोलावल्यावर आनुवंशिक आजारांच्या सल्लागार बाईंनी माईंना दोष समजावला, तोही त्यांच्या मांडीवरच्या लोकरीकडे बघत.

"पेशीची दुसरी पेशी होताना डीएनएच्या दोन धाग्यांची जोडी उलगडते. प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा विणला जातो. एखादा टाका जुळत नाही. मग राखणदार प्रथिनं तो हुडकतात, नव्या धाग्याचा तेवढा तुकडा उसवतात आणि जुन्याबरहुकूम पुन्हा विणून घेतात. तुमच्या मुलीच्या गाठीत त्यातलं एक प्रथिनच नाही. चुका साचत गेल्या."

"नवा धागा कुठला, हे त्यांना कसं कळतं?"

"नव्यात सांधायच्या राहिलेल्या फटी असतात. जुनं ते बरोबर, असं धरून चालतात."

"ऐकलंस?" माई थोरलीला म्हणाल्या. "पेशींनासुद्धा कळतं."

मग त्यांनी बाही वर सारली. "घ्या माझं रक्त. हे सासरचं आहे. माझे सासरे पोटानेच गेले. थोरली सगळी बापावर गेलीय. धाकटी म्हणजे माझा छापा. डोळे, दात, तिरसटपणा, सगळं. तिला उगीच सुया टोचू नका. एकदा कागदावर येऊ दे, म्हणजे तिच्या मागची कटकट मिटली."

"तोंडावळ्याचा याच्याशी संबंध नसतो, माई."

"तुम्ही तिला पाहिलेलं नाही."

तीन आठवड्यांनी कागद आला. सल्लागार बाईंनी तो माईंकडे सरकवला.

"दोष तुमच्याकडून आलाय."

माईंनी चष्मा पुसला. "मला शहात्तरावं चालू आहे. मी ठणठणीत आहे."

"ते प्रथिन बनवायच्या सूचनेच्या दोन प्रती असतात. तुमची एक बिघडलेली, पण दुसरीने निभावून नेलं. सगळ्यांचं निभत नाही. तुमची आई?"

"तापाने गेली. मी सहा वर्षांची होते." माई थांबल्या. गरम विटेचं गाठोडं पोटाशी धरून भिंतीला टेकलेली एक बाई त्यांना आठवली. विटेभोवतीचं निळं फडकं आठवलं. चेहरा काही डोळ्यांपुढे येईना. "ताप होता, असं मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि धाकटीला?"

"निम्मी शक्यता. असला, तर ठरल्या वेळी दुर्बिणीने आतडं बघायचं. गाठ मोठी व्हायच्या आधी काढता येते. पण तपासणीला ती आली पाहिजे."

"येईल," माई म्हणाल्या. थोरलीला त्यांनी रिक्षात बसवून घरी पाठवलं.

धाकटी गाडी चालवायला शिकवायची. दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात माई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. त्या बाजूलाही पायाशी ब्रेक होता. त्यांनी पाय आखडून घेतले.

"काय निघालं? सासरचंच ना?"

"माझं."

 धाकटी हसली. "अगं, मग काय! तुला काय झालं शहात्तर वर्षांत? मी तुझा छापा. तूच म्हणतेस."

माईंना वाटलं होतं, कागद दाखवला की पोरगी घाबरेल. त्यांचंच वाक्य ती त्यांना परत देईल, हे ध्यानात आलं नव्हतं.

"तू माझ्यावर गेलेली नाहीस," त्या म्हणाल्या. "तू माझ्या आईवर गेलीस. ती पोटाने गेली. चाळिशी गाठली नाही तिने."

धाकटीला एकोणचाळीस पुरी होत आली होती.

"हे कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले. दोघींपैकी एक तरी माझ्यासारखी हवी होती मला."

"सहा वर्षांची होतीस तू. चेहरा आठवतो तिचा?"

"लख्ख."

धाकटीने मधला आरसा आपल्याकडे वळवला. भुवई बघितली, ओठ दुमडून दात बघितले. बाहेर पुढचा शिकाऊ येऊन उभा राहिला होता, त्याला तिने हातानेच थांबवलं.

"तिथे उपाशीपोटी जावं लागतं का?"

"काही नको. नुसतं रक्त घेतात. उद्याच जाऊ."

"नऊला निघू," धाकटी म्हणाली. ती अजून बघतच होती. आरसा चांगला रुंद होता, दोघी सहज मावल्या असत्या. माईंनी तोंड खिडकीकडे केलं आणि ती बघून होईपर्यंत तसंच ठेवलं.