मजकूर स्वहस्ते भरला आहे

मी एक जुना पुठ्ठा आहे. मित्रांनो, पुठ्ठा म्हटल्यावर तुम्हाला बुटांचं खोकं आठवलं असेल. तसला मी नाही. उभ्या उभ्या लिहिता यावं म्हणून ज्याला वर लोखंडी चिमटा लावलेला असतो, तो मी. सध्या एका सरकारी कचेरीत पाण्याच्या पिंपाखाली असतो. पिंप डुगडुगू नये, एवढंच माझं काम. पाठीला दिवसभर ओल लागते. आधी त्रास व्हायचा, आता काही वाटत नाही.

लाकडाचा भुसा आणि डिंक गरम यंत्रात दाबून मला बनवलं. एका दिवसात आम्ही दोनशे भावंडं झालो. कचेरीत आल्यावर माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात सत्तेचाळीस हा आकडा काढला आणि मला एका माणसाच्या हातात दिलं. त्याला सगळे 'पाहणीवाले भाऊ' म्हणत.

भाऊंचं काम असं होतं. दर पाच वर्षांनी घरोघरी जायचं आणि विचारायचं, या घरात कामाला कोण कोण जातं? काय काम करतं? पुरुषांच्या ओळी वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. दारात उभं राहून पेन्सिलीने कच्चं टिपून घ्यायचं आणि घरी जाऊन शाईने पक्का फॉर्म भरायचा. खाली छापलेलं असे, 'मजकूर स्वहस्ते भरला आहे', आणि त्याखाली भाऊंची सही.

पहिल्या पाहणीत आम्ही कारखान्याच्या मागच्या वस्तीत फिरलो. तेव्हा दार पुरुष उघडायचा आणि बाई दाराआड उभी राहायची. "मी कारखान्यात, थोरला कारखान्यात, धाकटा पुढच्या वर्षी लागेल," असं तो छाती पुढे काढून सांगायचा. भाऊ विचारायचे, "आणि या?" तो म्हणायचा, "ती काही करत नाही. घरीच असते." आत ती शर्टांच्या ढिगात बसलेली असायची. रोज सहा डझन शर्टांना बटणं लावायची. दोरा तोडायला कात्री न घेता दात वापरायची, त्याने काम लवकर होतं. भाऊंना तो ढीग दिसायचा. मला तर समोरच दिसायचा. पण भाऊ नियमाने चालणारे. घरच्या कर्त्याने सांगितलं ते लिहायचं, म्हणून रकान्यात 'काही नाही' लिहिलं जायचं. दिवसाला तीस-चाळीस वेळा. पहिले काही दिवस मला टोचलं, पुढे सवय झाली.

भाऊ भले होते, पण त्यांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडलेली. पहिलाच गठ्ठा हेडक्लार्कने त्यांच्या अंगावर परत टाकला. "हे कुणी वाचायचं? तुम्हाला तरी वाचता येतं का?" भाऊ पडलेल्या तोंडाने घरी आले. बायकोने विचारलं, "काय झालं?" त्यांनी गठ्ठा जमिनीवर टाकला. तिने कागद उचलून पाहिले आणि म्हणाली, "द्या इकडे. तुम्ही सांगा, मी लिहिते."

तिला शेजारीपाजारी वहिनी म्हणत, मीही तेच म्हणतो. दहावी झालेली आणि अक्षर मोत्यासारखं. त्या दिवसापासून भाजी शिजायला टाकली, की वहिनी मला मांडीवर घ्यायची. तिचा हात हलका होता. अक्षर काढताना ती जोर देतच नसे, शाई आपोआप उतरल्यासारखी वाटायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे तास तेवढेच.

हेडक्लार्कने पुढचा गठ्ठा पाहिला आणि त्यांचे डोळे विस्फारले. वर्षाअखेरीस भाऊंना उत्तम हस्ताक्षराचं प्रशस्तिपत्रक मिळालं. भाऊ ते घरी घेऊन आले आणि वहिनीकडे न बघता म्हणाले, "भिंतीला नको लावूस." ती म्हणाली, "का? लावते की. चांगली चौकट आहे." आणि तिने लावलं.

भाऊंचं स्वतःचं घर यादीत शेवटी होतं. भाऊ सांगत होते, वहिनी लिहीत होती. भाऊंची ओळ झाली. पुढची ओळ आली तेव्हा भाऊ जरा थांबले. मग म्हणाले, "लिही. काही नाही." वहिनीने लिहिलं. अक्षर जराही हललं नाही. मी खाली होतो, मला कळलं असतं. लिहून झाल्यावर तिने शाई वाळायला फुंकर घातली आणि भाजी बघायला गेली.

पाच वर्षांनी दुसरी पाहणी आली. शहराबाहेरच्या शेतांवर आता यंत्रं आली होती. लावणी-कापणीला जाणाऱ्या बायका घरी बसल्या होत्या. मुली शाळेत जात होत्या, त्यांच्या ओळीतही 'शिकते' एवढंच. बायकांचा रकाना पहिल्यापेक्षा ओसाड झाला. वहिनीने एकदा मान वर करून विचारलं, "अहो, एवढ्या बायका गेल्या कुठे?" भाऊ म्हणाले, "घरी आहेत." ती म्हणाली, "घरी म्हणजे कुठे?" भाऊंनी पुढचा कागद चिमट्यात अडकवला.

तिसऱ्या पाहणीपर्यंत कारखान्याला कुलूप लागलं होतं. आता दार बायका उघडायच्या. पायांत चपला, खांद्याला पिशवी, एक डोळा घड्याळावर. "लवकर विचारा हं, माझी बस आहे." कुणी औषधांच्या पॅकिंगला, कुणी दवाखान्यात, कुणी दुकानात. पुरुष आत बसलेले असायचे. भाऊंनी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ते भिंतीकडे बघून बायकोला म्हणायचे, "तूच सांग." बायको हळूच म्हणायची, "सध्या बघतायत." दहा वर्षांपूर्वी छाती पुढे काढणारा माणूस मी ओळखला. त्याला मी आठवत नव्हतो.

ती पाहणी संपायच्या आत भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. नोकरी सुटली. आजारपणाचं निवृत्तिवेतन लागू झालं, त्यावर दोघांचं कसंबसं भागायचं. त्याच महिन्यात कचेरीने नवी माणसं भरायची जाहिरात काढली. बायकाही चालतील, असं पहिल्यांदाच छापून आलं होतं. वहिनी एक्केचाळीस वर्षांची होती. कचेरीचा माल परत करायचा म्हणून तिने मला घेतलं, आणि सोबत स्वतःचा अर्जही.

हेडक्लार्कच्या जागी आता एक मॅडम होत्या. कामाच्या बाबतीत कडक, पण वाईट नव्हत्या. त्यांनी विचारलं, "काकू, आधी कुठे काम केलंय?"

वहिनी म्हणाली, "नाही."

मॅडमच्या पाठीमागे भिंतभर कपाट होतं आणि कपाटभर गठ्ठे. दहा वर्षांचे. त्यांतले कितीतरी तिच्या हातचे. तिने ते पाहिले. मग खाली पाहिलं.

"हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "दहा ओळी लिहून दाखवा. नुसतं अक्षर बघायचंय." त्यांनी सगळ्या उमेदवारांपुढे नमुना म्हणून एक जुना फॉर्म ठेवला. "असं अक्षर हवं."

मित्रांनो, तो फॉर्म वहिनीचा होता. खाली भाऊंची सही होती.

बाकीचे उमेदवार लिहायला लागले. वहिनीने मला मांडीवर घेतलं, कागद अडकवला. पहिलं अक्षर तिने आपल्या नेहमीच्या वळणात काढलं. ते नमुन्यातल्या अक्षराशी तंतोतंत जुळलं. ती थांबली. तेव्हा मला कळलं की तिला काय कळलंय. हे अक्षर तिचं ठरलं, तर 'स्वहस्ते' खोटं ठरणार. चौकशी लागणार. अंथरुणावर पडलेल्या माणसाचं निवृत्तिवेतन थांबणार.

तिने ते अक्षर खोडलं आणि पुढच्या दहा ओळी वाकड्या लिहिल्या. मुद्दाम. पेनावर इतका जोर दिला की निब माझ्या अंगात रुतलं. काने तिरके, वेलांट्या तुटक्या, ओळी घसरलेल्या. नोकरी तिला हवी होती. फार हवी होती. तरी तिने एकही ओळ चुकून चांगली काढली नाही.

मॅडमनी कागद घेतला आणि त्यांना वाईट वाटलं. "काकू, रागावू नका, पण हे नाही चालणार हो." मग त्यांचं लक्ष आडनावाकडे गेलं. "अरे! हा नमुना तुमच्याच मिस्टरांचा ना? मग एवढे दिवस शिकला का नाहीत त्यांच्याकडून?"

"राहून गेलं," वहिनी म्हणाली. मला टेबलावर ठेवून ती निघून गेली. त्या दिवशी मला काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होते, ते मी दाबून धरले.

चौथ्या पाहणीत मला एका नव्या मुलीच्या हाती दिलं. ती फिरत फिरत त्याच घरी आली. दार वहिनीने उघडलं. पायांत चपला, खांद्याला पिशवी. आता ती औषधांच्या पॅकिंगला जात होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम, रोजचे आठ तास. मुलीने तिची ओळ भरली. बायकांच्या रकान्यात त्या घरातून पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं गेलं. भाऊ दाराला लागूनच आत खुर्चीत होते. त्यांच्या ओळीत 'काम करू शकत नाहीत' असं आलं.

वहिनी समोरून, उलट्या बाजूने, कागद वाचत होती. म्हणाली, "बाळ, सातव्या रकान्यात खूण राहिली."

मुलगी चपापली. "तुम्हाला कसं कळलं?"

"असंच."

मुलीने खूण केली आणि शेवटचा प्रश्न वाचला. "काकू, पॅकिंगच्या आधी कधी कुठलं काम केलं होतं?"

"नाही," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात भाऊंनी डावा हात पुढे केला आणि मला घट्ट धरलं. तोंड वाकडं झालेलं, ओठांच्या कडेला लाळ. "के... केलं... य," ते म्हणाले. मला ऐकू आलं. वहिनीलाही ऐकू आलं. "हि... नं... च... केलंय."

मुलीला ते जड बोलणं कळेना. ती घाबरून म्हणाली, "काका काय म्हणतायत?"

वहिनीने भाऊंची बोटं माझ्यावरून एकेक करून सोडवली. "पाणी मागतायत," ती म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली. भाऊ रडत होते. मुलगी 'नाही' लिहून पुढच्या घरी गेली.

त्या वर्षीच्या अहवालात लिहिलं होतं की बायका आता कामाला लागल्या आहेत. मॅडमनी तो सगळ्यांना वाचून दाखवला, टाळ्या वाजल्या. नंतर हातातली यंत्रं आली, बोट लावलं की रकाना भरतो, आणि आम्हा पुठ्ठ्यांची गरज संपली.

मित्रांनो, माझ्यावर हजारो घरं लिहिली गेली, आणि त्यांतली कितीतरी खोटी होती. कुणी लबाडी केली म्हणून नव्हे. दारात विचारलं आणि दारातच उत्तर मिळालं म्हणून. माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरी कुणी विचारायला आलं, "इथे काम कोण करतं?", तर पटकन उत्तर देऊ नका. "जरा थांबा" म्हणा, आणि आधी आत जाऊन बघून या.